तिसरा टेक, ओव्हरडब नाही

'स्पायरल स्क्रॅच' या छोट्या तबकडीच्या वेष्टनावर गाण्यांच्या नावांसोबत आणखी एक गोष्ट छापलेली आहे. 'ब्रेकडाउन' हे गाणं तिसऱ्या टेकला जमलं आणि त्यावर नंतर काहीही चढवलेलं नाही. 'टाइम्स अप', 'बोअरडम' आणि 'फ्रेंड्स ऑफ माइन' ही तिन्ही पहिल्याच टेकची आहेत. गिटारचा एक जादा थर तेवढा मागाहून दिला आहे. गाणं कितव्या खेपेला जमलं, कुठे मागाहून हात फिरवला, हे रेकॉर्ड कंपन्या गिऱ्हाइकाला सांगायच्या भानगडीत पडत नसत. गिऱ्हाइकानं गाणं ऐकावं, कारखान्यात डोकावू नये, अशीच रीत होती.

२९ जानेवारी १९७७ रोजी मँचेस्टरमध्ये ही तबकडी बाहेर पडली. ती कुठल्या कंपनीनं काढली नव्हती. बझकॉक्स नावाच्या चार पोरांच्या बँडनं उसनवारी करून ती स्वतःच काढली होती आणि आपण ती कशी केली हे वेष्टनावरच लिहून टाकलं होतं. गिटारवर होता एकवीस वर्षांचा पीट शेली. पुढची चाळीसहून अधिक वर्षं हा माणूस गाणी लिहीत आणि गात राहिला, आणि माझ्या मते त्याच्या साऱ्या कामाचा स्वभाव त्या चार नोंदींमध्येच आहे. शिवण लपवायची नाही. मग वस्तू तबकडी असो, मोडकी गिटार असो, नाहीतर परत न मिळालेलं प्रेम.

आपल्याकडे पंक म्हटलं की उभे केलेले रंगीत केस, कानात किंवा गालात खुपसलेली सेफ्टी पिन, फाटका कोट आणि प्रेक्षकांवर थुंकणारा गायक एवढंच डोळ्यांसमोर येतं. लंडनच्या सेक्स पिस्टल्सनी तसं चित्र उभं केलं हे खरं. राणी, सरकार, बेकारी, कंटाळा या सगळ्यांवर तुटून पडणारं ते संगीत होतं. द क्लॅशनं त्याला राजकारणाची धार दिली. शेलीनं त्याच वेगात, त्याच कर्कश गिटारवर आणि त्याच तीन-चार कॉर्डमध्ये भलत्याच विषयाला हात घातला. आपल्याला कोणी हवं आहे आणि ते मिळत नाही, हा तो विषय. त्यात बढाई नव्हती आणि सूडही नव्हता. पंकच्या त्या रागीट गर्दीत उभं राहून, किंचित किनऱ्या आवाजात, मला एकटं वाटतं असं म्हणायला जास्त धैर्य लागलं असणार असं मला नेहमी वाटतं.

त्याचं खरं नाव पीटर कॅम्पबेल मॅकनीश. जन्म १७ एप्रिल १९५५, लँकेशरमधल्या ली या गावी. आई पूर्वी गावातल्या गिरणीत कामाला होती आणि वडील ॲस्टली ग्रीनच्या कोळसा खाणीवर फिटर. कापूस आणि कोळसा यांवर जगणारं हे गाव, आणि त्या पट्ट्याशी आपला संबंध नुसता भूगोलाच्या पुस्तकातला नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, लँकेशरच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि त्यांची भूक भागवायला वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरातून लिव्हरपूलकडे निघाला. मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपताच तो ओसरला आणि पेढ्या बुडाल्या. पुढे आपल्या गिरण्या उभ्या राहिल्यावर त्याच लँकेशरच्या दबावामुळे १८९६ साली हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसला, आणि त्याविरुद्ध महाराष्ट्रात स्वदेशीची हाक उठली. शेली मोठा होत होता तोवर तिकडचा हा सारा डोलारा खिळखिळा झाला होता. गोदामं रिकामी, गिरण्यांच्या चिमण्या थंड, घरं पाडून मोकळी पडलेली मैदानं. १९८२ च्या संपानंतरचं गिरणगाव ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना १९७६ चं मँचेस्टर वेगळं समजावून सांगायला नको. तिथल्या पोरांना पुढे काय, हा प्रश्न पडायचा, आणि उत्तर द्यायला कोणी नसायचं.

शेली शेजारच्या बोल्टनमधल्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. हे शिक्षण त्याच्या गाण्यात सहसा कोणी मोजत नाही, पण ते मोजायला हवं. १९७४ सालीच त्यानं स्वतः जोडलेला एक ऑसिलेटर घेऊन, घरच्या घरी, नुसत्या चढत्या-उतरत्या आवाजाचा एक लांबलचक तुकडा ध्वनिमुद्रित केला होता. 'स्काय येन' या नावानं तो १९८० साली त्यानं स्वतःच प्रसिद्ध केला. त्यात ना चाल आहे, ना शब्द. जर्मनीच्या कॅन या बँडचा तो भक्त होता, इतका की १९७८ साली कॅनच्या 'कॅनिबलिझम' या संग्रहावरचं टिपण त्यानंच लिहिलं. पुढे सगळ्यांना पाठ झालेली त्याची गाणी अगदी सोपी वाटतात. पण ती लिहिणारा माणूस आवाज कसा तयार होतो याचा तळापासून विचार करणारा होता.

त्याच कॉलेजात हॉवर्ड ट्रॅफर्ड नावाचा विद्यार्थी होता. त्यानं सूचनाफलकावर चिठ्ठी लावली: व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचं 'सिस्टर रे' वाजवायला माणसं हवीत. 'सिस्टर रे' म्हणजे सतरा मिनिटांचा गोंगाट. ते वाजवायची इच्छा असणारा माणूस बोल्टनमध्ये सापडणं अवघडच. शेली सापडला. फेब्रुवारी १९७६ मध्ये दोघांनी 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'मध्ये सेक्स पिस्टल्सच्या एका कार्यक्रमाचा छोटासा वृत्तांत वाचला आणि उसनी गाडी घेऊन ते दक्षिणेकडे निघाले. हाय विकम आणि वेलविन या गावांत लागोपाठ त्यांनी पिस्टल्सना पाहिलं. याच फेरीत 'टाइम आउट' मासिकातल्या एका दूरदर्शन मालिकेच्या परीक्षणाच्या मथळ्यावरून त्यांना बँडचं नाव सुचलं. परत येताना दोघांनी आपापली नावंही बदलली. ट्रॅफर्ड झाला हॉवर्ड डिव्होटो, आणि मॅकनीशनं घेतलं शेली. मुलगी झाली असती तर आईवडिलांनी ठेवलं असतं ते नाव.

परतल्यावर त्यांनी जे केलं त्यानं मँचेस्टरचं संगीत कायमचं बदललं. त्यांनी पिस्टल्सना आपल्या गावी बोलावलं. जागा घेतली फ्री ट्रेड हॉलच्या वरच्या मजल्यावरचं छोटं सभागृह, लेसर फ्री ट्रेड हॉल. तारीख ४ जून १९७६. तिकीट पन्नास पेन्स.

या इमारतीचं नाव आणि जागा दोन्ही भारी आहेत. खुल्या व्यापाराच्या चळवळीचं हे स्मारक १८५६ साली उभं राहिलं. ज्या मैदानावर ते उभं आहे तिथे १६ ऑगस्ट १८१९ रोजी मताधिकार मागायला जमलेल्या साठेक हजारांच्या सभेवर घोडदळ घातलं गेलं होतं. अठरा माणसं मेल्याचं आज इतिहासकार मानतात. मरणारे आणि जखमी होणारे बहुतेक गिरण्यांत आणि मागांवर राबणारे होते. इटलीत ही बातमी कळल्यावर पर्सी शेलीनं त्यावर दीर्घ कविता लिहिली. ती छापायचं धाडस प्रकाशकाला झालं ते कवी वारल्यानंतर, १८३२ साली. पुढे १९६६ च्या मे महिन्यात याच इमारतीच्या मोठ्या सभागृहात बॉब डिलननं विजेची गिटार गळ्यात अडकवली म्हणून एका श्रोत्यानं त्याला विश्वासघातकी ठरवलं. १९७६ साली तिथे तिकिटं विकायला बसलेल्या पोराचं नाव पुन्हा शेलीच असावं, हा योगायोग मला फार आवडतो.

त्या संध्याकाळी बझकॉक्स स्वतः वाजवणार होते, पण बेस आणि ड्रम वाजवणारे ऐनवेळी गळाले. आयोजक तेवढे उरले. प्रेक्षक चाळीसेक. तरीही त्या चाळिसांत कोण कोण होतं ते पाहावं: पीटर हुक आणि बर्नार्ड समनर, जे पुढे जॉय डिव्हिजन आणि न्यू ऑर्डर झाले; स्टीव्हन मॉरिसी, जो पुढे द स्मिथ्सचा गायक झाला. आपण तिथे होतो असं नंतर शेकड्यांनी लोक सांगू लागले. पीटर हुकनं तर दुसऱ्याच दिवशी जाऊन बेस गिटार विकत घेतली.

बझकॉक्सचा बेस वाजवणाराही त्याच संध्याकाळी दारात सापडला. स्टीव्ह डिगल नावाचा तरुण दुसऱ्याच कोणाची तरी वाट पाहत रस्त्यावर उभा होता. पिस्टल्सचा व्यवस्थापक माल्कम मॅक्लारेन येणाऱ्या-जाणाऱ्यांना आत बोलावत होता. त्याला वाटलं हाच तो, ज्याची पोरं वाट पाहताहेत. त्यानं डिगलला आत नेऊन शेलीसमोर उभं केलं. दोघे बोलत राहिले, आणि आपण भेटायला आलो ती माणसं ही नव्हेत हे कळेपर्यंत बँड ठरला होता. ड्रमवर जॉन माहर आला, वय सोळा. २० जुलै १९७६ रोजी त्याच सभागृहात पिस्टल्स पुन्हा आले तेव्हा बझकॉक्सनी पहिल्यांदा वाजवलं.

शेलीच्या हातात तेव्हा स्टारवे नावाची एक स्वस्त जुनी गिटार होती. ती त्यानं एकदा भिरकावली आणि तिच्या लाकडाचा वरचा मोठा तुकडा निखळून पडला. तारा शाबूत होत्या, पिकअप शाबूत होता. तो ती तशीच वाजवत राहिला. त्या काळच्या छायाचित्रांत अर्धी गिटार गळ्यात घेतलेला हा पोरगा दिसतो. महागडी गिटार आणि वर्षानुवर्षांचा रियाज असल्याशिवाय रॉक वाजवायचा नाही, असा दंडक मानणाऱ्या काळात ते छायाचित्रच एक निवेदन होतं.

मग आली २८ डिसेंबर १९७६ ही तारीख. शेलीच्या वडिलांनी आणि मित्रमंडळींनी मिळून पाचशे पौंड उसने दिले. खाणीवरच्या फिटरच्या घरात तेव्हा ही लहान रक्कम नव्हती. मँचेस्टरच्या इंडिगो स्टुडिओत चार गाणी तीन तासांत वाजवून झाली आणि दोन तासांत मिक्सिंग. ध्वनीची बाजू सांभाळणारा मार्टिन हॅनेट होता, वेष्टनावर त्याचं नाव मार्टिन झीरो. पुढे जॉय डिव्हिजनच्या रेकॉर्डवरचा तो थंड, पोकळ, भुताटकीचा आवाज यानंच घडवला. इथे मात्र सगळं कोरडं आणि समोरासमोर आहे. वेष्टनावरचं छायाचित्र बँडचा व्यवस्थापक रिचर्ड बून यानं पोलरॉइड कॅमेऱ्यानं पिकॅडिलीतल्या रॉबर्ट पील यांच्या पुतळ्यापाशी काढलं. स्वतःच्या लेबलला त्यांनी नाव दिलं न्यू हॉर्मोन्स.

'बोअरडम'मधल्या गिटारच्या तुकड्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण शेली गिटारवादक म्हणून काय होता ते त्या काही सेकंदांत कळतं. रॉकच्या गाण्यात मधे गिटारवादकाला मोकळं सोडायची प्रथा होती, आणि सत्तरच्या दशकात त्या जागेचं कसरतीचं मैदान झालं होतं. बोटं किती वेगानं पळतात ते दाखवायचं. शेली त्या जागी फक्त दोन स्वर वाजवतो. तेच दोन स्वर पुन्हा, पुन्हा, पुन्हा. मोजणाऱ्यांनी ते सहासष्ट वेळा मोजले आहेत. शेवटी एक वेगळा सूर येतो आणि गाणं पुढे सरकतं. कंटाळ्यावरच्या गाण्यात कंटाळाच वाजवायचा, तोही ऐकणाऱ्याला हसू फुटेल आणि पाय थिरकतील अशा रीतीनं, हे सुचायला डोकं लागतं. बोटांची कसरत त्याला जमली नसती असं कोणी म्हणेल. मला तो प्रश्नच गौण वाटतो. गाण्याला काय हवं ते त्यानं नेमकं ओळखलं.

पहिल्या खेपेला हजार प्रती काढल्या. मँचेस्टरच्या व्हर्जिन दुकानातून आणि टपालानं त्या खपल्या, पुन्हा काढाव्या लागल्या, आणि असं करत आकडा सोळा हजारांवर गेला. ब्रिटनमधली पंकची पहिली तबकडी यापूर्वी, ऑक्टोबर १९७६ मध्ये, द डॅम्डची निघाली होती, पण तिच्यामागे स्टिफ ही कंपनी होती. बँडनं स्वतःच काढलेली ब्रिटिश पंकची पहिली तबकडी म्हणजे 'स्पायरल स्क्रॅच'. तिचा परिणाम गाण्यांइतकाच तिच्या हिशेबाचा झाला. तबकडी काढायला लंडनच्या कंपनीचा दरवाजा ठोठवावा लागत नाही, पाचशे पौंड आणि एक दिवस पुरतो, हे एकदा उघड झाल्यावर गावोगावची पोरं तेच करू लागली. पुढच्या दोन वर्षांत ब्रिटनमध्ये छोट्या लेबलांचं पेवच फुटलं. मँचेस्टरमध्ये फॅक्टरी निघाली ती १९७८ साली.

तबकडी बाजारात आली आणि काही दिवसांतच गायक डिव्होटो बँड सोडून गेला. जेमतेम दहा-बारा कार्यक्रम झाले होते. त्याला पदवी पूर्ण करायची होती, आणि पंक एका साच्यात अडकत चाललंय असंही त्याला वाटत होतं. त्यानं पुढे मॅगझीन हा बँड काढला. त्याच्या पहिल्या गाजलेल्या गाण्याची, 'शॉट बाय बोथ साइड्स'ची, मूळ धून शेलीचीच. शेलीनं ती मित्राला देऊन टाकली आणि स्वतःही 'लिपस्टिक' या गाण्यात वापरली. दोघांत त्यावरून वाद झाल्याचं ऐकिवात नाही.

डिव्होटोच्या जागी नवा गायक शोधायचा सोडून शेली स्वतः माइकसमोर उभा राहिला. डिगल बेस सोडून गिटारवर आला. इथून बझकॉक्स खऱ्या अर्थानं शेलीचे झाले. १६ ऑगस्ट १९७७ रोजी मँचेस्टरच्या इलेक्ट्रिक सर्कस या क्लबच्या बारवर त्यांनी युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीशी करार केला. गाणी आणि वेष्टनं आपल्या मर्जीनं करायची, ही अट घालून. त्याच दिवशी अमेरिकेत एल्विस प्रेस्ली गेला. पुढची दोन वर्षं निर्माता मार्टिन रशंट याच्यासोबत त्यांनी एकामागून एक अशा एकेरी तबकड्या काढल्या की ब्रिटिश पॉपमध्ये तितकी सलग चांगली माळ फार थोड्यांच्या नावावर आहे. पहिलं 'ऑर्गॅझम ॲडिक्ट' बीबीसीनं वाजवलंच नाही. त्याच्या वेष्टनावर लिंडर या मँचेस्टरच्या कलाविद्यार्थिनीनं केलेलं चिकटचित्र होतं: नग्न स्त्रीदेह आणि डोक्याच्या जागी इस्त्री. मासिकांतून बाई कशी विकली जाते यावर तिनं कात्रीनं दिलेलं ते उत्तर आजही तेवढंच बोचतं. मग 'व्हॉट डू आय गेट?', 'आय डोन्ट माइंड', 'लव्ह यू मोअर'. हे शेवटचं दोन मिनिटांहूनही कमी आहे आणि भर वेगात, सुरी फिरल्यासारखं तुटतं.

नोव्हेंबर १९७७ मध्ये बँड एडिनबरोत एका गेस्ट हाउसमध्ये उतरला होता. टीव्हीवर 'गाइज अँड डॉल्स' हा मार्लन ब्रँडोचा जुना संगीतपट चालू होता. त्यातला एक संवाद शेलीच्या कानात अडकला: नको त्या माणसावर जीव जडण्याविषयीचा. दुसऱ्या दिवशी टपाल कचेरीबाहेर उभ्या असलेल्या गाडीत बसून त्यानं शब्द लिहून काढले. चाल मागाहून आली. सप्टेंबर १९७८ मध्ये 'एव्हर फॉलन इन लव्ह' निघालं आणि ब्रिटनच्या खपाच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं. हे गाणं ज्याच्यावर होतं तो पुरुष होता, शेलीचा अनेक वर्षांचा सोबती. शेली स्त्री आणि पुरुष दोघांवर प्रेम करणारा होता आणि ते त्यानं लपवलं नाही. पण गाण्यात तो प्रियकर किंवा प्रेयसी असं काहीच ठरवू देत नाही. आपल्या गाण्यांतल्या माणसांना तो जाणूनबुजून लिंग देत नसे, म्हणजे ऐकणारा कोणीही असला तरी गाणं त्याचं किंवा तिचं व्हावं. १९६७ पर्यंत त्याच्या देशात पुरुषानं पुरुषावर प्रेम करणं हा गुन्हा होता. दहा-अकरा वर्षं म्हणजे काहीच नाही. रेडिओवर दिवसभर वाजणाऱ्या त्या गाण्यात किती जणांना आपली चोरटी गोष्ट पहिल्यांदा मोठ्या आवाजात ऐकू आली असेल याचा अंदाज करणंही कठीण आहे.

चालीकडेही पाहावं. पंकचा बराचसा संसार एकाच उघड्या, दांडग्या मेजर कॉर्डवर चालतो. 'एव्हर फॉलन'चा अंतरा मायनर कॉर्डवर सुरू होतो. त्यामुळे वेग धावायचा असला तरी सुरात आधीच हार मानलेली असते. खालून माहरचे ड्रम उसळत राहतात, मधे जराही उसंत नाही. पावणेतीन मिनिटांच्या आत सगळं आटोपतं. रडगाणं वाटावं इतका वेळच शेली देत नाही. शब्द हताश आणि चाल उत्फुल्ल, ही त्याची खास रीत, आणि नंतरच्या कित्येक बँडनी तिच्यावर पोटं भरली.

१९७९ हे वर्ष भरभराटीचं आणि दमछाकीचं होतं. बझकॉक्सच्या शरद ऋतूतल्या दौऱ्यात आधी वाजवायला जॉय डिव्हिजन होते. तीन वर्षांपूर्वी लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये प्रेक्षक म्हणून आलेलीच ती पोरं. अमेरिकेसाठी काढलेल्या 'सिंगल्स गोइंग स्टेडी' या संग्रहात एका बाजूला आठ तबकड्यांची मुख्य गाणी आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या पाठीमागची आठ अशी साधी मांडणी होती. पण त्याच वर्षीचा 'अ डिफरंट काइंड ऑफ टेन्शन' ऐकताना लिहिणाऱ्याचा थकवा लपत नाही. सततचे दौरे, मादक पदार्थ, विकली गेलेली कंपनी. १९८१ साली शेलीनं वकिलाच्या पत्रानं सहकाऱ्यांना बँड संपल्याचं कळवलं. उघडेपणाबद्दल मी त्याचं इतकं कौतुक केलं, पण ही गोष्ट त्यानं समोर बसून सांगायला हवी होती.

बँड मोडला तेव्हा तो रशंटच्या बर्कशरमधल्या स्टुडिओत पुढच्या अल्बमची कच्ची गाणी करत होता. ड्रमर नव्हता म्हणून ड्रम मशीन, बेस नव्हता म्हणून सिंथेसायझर, आणि त्यावर त्याची ध्वनिक गिटार. हे कच्चं कामच पक्क्यापेक्षा सरस आहे असं दोघांना वाटलं. त्यातून 'होमोसेपियन' आलं. बीबीसीनं ते समलिंगी संबंधाचा उघड उल्लेख आहे म्हणून बंद केलं. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात ते गाजलं, अमेरिकेच्या नृत्यगृहांत वाजलं. गंमत म्हणजे त्याच नावाच्या अल्बममधली बरीच गाणी १९७४ च्या आसपासची, बझकॉक्सच्याही आधीची. रशंटनं या कामात हाती लागलेलं तंत्र घेऊन लगेच ह्यूमन लीगचा 'डेअर' घडवला आणि ब्रिटिश पॉपचा आवाजच बदलून टाकला. श्रेयाच्या वाटणीत शेलीचं नाव मागे पडलं. ते अन्यायाचं आहे.

१९८३ च्या 'एक्सएल वन' या अल्बमवर तर त्यानं गाण्यांनंतर झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाचा प्रोग्राम मुद्रित केला. तो संगणकात उतरवून घेतला की गाणं वाजत असताना पडद्यावर शब्द आणि चित्रं सोबतीनं सरकत. कॉलेजात ऑसिलेटर जोडणारा तोच पोरगा इथे पुन्हा भेटतो. तेव्हा त्याकडे खेळणं म्हणूनच पाहिलं गेलं.

पैसा आणि पुन्हा नाव आलं ते मात्र जुन्या गाण्याकडून. फाइन यंग कॅनिबल्स या बँडनं 'एव्हर फॉलन' पुन्हा गायलं आणि ते १९८७ साली ब्रिटनमध्ये नवव्या क्रमांकावर गेलं, म्हणजे मूळ गाण्याहून तीन पायऱ्या वर. पुढे २००४ मध्ये 'श्रेक २' या चित्रपटातही ते गाणं आलं, आणि पंक हा शब्द न ऐकलेल्या मुलांच्या कानांत बसलं. २००५ साली रेडिओ निवेदक जॉन पील यांच्या स्मरणार्थ एल्टन जॉन, रॉबर्ट प्लांट, रॉजर डाल्ट्री, डेव्हिड गिलमोर अशा दिग्गजांनी ते मिळून गायलं. उत्पन्न ॲम्नेस्टी इंटरनॅशनलला. ज्या जुन्या, अवजड रॉकविरुद्ध पंक उभं राहिलं त्याचे मानकरीच पंकचं गाणं गायला रांगेत उभे होते. शेलीही त्यांच्यात होता.

बझकॉक्स १९८९ साली पुन्हा एकत्र आले, आणि यावेळी टिकले. १९९४ च्या सुरुवातीला निर्वाणा या बँडच्या युरोप दौऱ्यात त्यांनी आधी वाजवलं. तो त्या बँडच्या गायकाचा, कर्ट कोबेनचा, शेवटचा दौरा ठरला. डिव्होटोसोबत शेलीनं २००२ मध्ये एक अल्बम केला. २०१४ चा 'द वे' हा अल्बम त्यांनी श्रोत्यांकडून आगाऊ पैसे गोळा करून काढला. सदतीस वर्षांपूर्वी वडील आणि मित्र, आता श्रोते. कंपनीविना तबकडी काढायची रीत तीच. या उत्तरार्धातली गाणी पहिल्या तीन वर्षांच्या तोडीची नाहीत, हे प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे. पण रंगमंचावर तो कधी जुन्या पुण्याईवर उभा राहिला नाही. पोट सुटलेला, दाढी पांढरी झालेला शेली तीच गाणी त्याच वेगात गायचा, आणि आवाजातली ती किनार शाबूत होती.

२०१२ पासून तो एस्टोनियाची राजधानी टॅलिन इथे राहत होता. ६ डिसेंबर २०१८ रोजी तिथेच हृदयविकाराच्या झटक्यानं तो गेला. वय त्रेसष्ट. पुढच्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बझकॉक्सचा कार्यक्रम आधीच ठरलेला होता. २१ जून २०१९ रोजी तो त्याच्या स्मरणार्थ झाला. डिगल आणि बाकीचे वाजवायला, आणि गायला त्याच्या काळातले आणि त्याच्यानंतरचे अनेक जण. डिगलनं पुढे बँड चालू ठेवला, आणि २०२२ मध्ये शेलीशिवायचा पहिला अल्बम काढला.

ज्यांनी हे संगीत कधी ऐकलं नाही त्यांना कुठून सुरुवात करावी ते सांगतो. 'सिंगल्स गोइंग स्टेडी'ची पहिली बाजू क्रमानं ऐकावी, एका बैठकीत. विसेक मिनिटं लागतात. मग तबकडी उलटावी आणि 'व्हाय कान्ट आय टच इट?' पाशी थांबावं. हे त्यातलं सर्वांत लांब गाणं, सहा मिनिटांहून अधिक. घाई करणाऱ्या माणसानं इथे मुद्दाम सावकाश केलेलं. बेस आणि ड्रम एकच वळण घेत राहतात, दोन गिटारी डाव्या-उजव्या कानांतून एकमेकींशी बोलतात, आणि सगळं दिसतं, जाणवतं, तरी हाताला का लागत नाही, हा एकच प्रश्न शेली विचारत राहतो. कॅन ऐकून मोठा झालेला, ऑसिलेटर जोडणारा आणि एकतर्फी प्रेम करणारा, असे तिन्ही शेली त्यात एकत्र भेटतात. हेडफोन लावून ऐकावं. त्यानंतर 'स्पायरल स्क्रॅच'.